समोवाराजवळची रिकामी जागा

६ नोव्हेंबर, सोमवार

नवीन काम आलं. घोडेचोरीचं प्रकरण, कोचकोरकडचं. पाकिटात एक पेनड्राइव्ह, त्यावर चार मिनिटं अकरा सेकंदांचा एकच व्हिडिओ, आणि सोबत तपास अधिकारी कॅप्टन इल्गिझचा आदेश. आदेशात एकच प्रश्न: ‘सदर फाइलमध्ये फेरफार केल्याच्या खुणा आहेत काय?’

मला असे प्रश्न आवडतात. आमच्या प्रयोगशाळेचा नियमच आहे, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं. न विचारलेलं सांगायला लागलं की तज्ज्ञाचा साक्षीदार होतो, आणि साक्षीदारांचे काय हाल होतात ते मी चोवीस वर्षं कोर्टात बघते आहे.

प्रकरण असं. १४ सप्टेंबरला संध्याकाळी वरच्या कुरणातून अकरा घोडे हाकलून नेले. पकडलेल्यांपैकी एक जण, किलिचबेक, वय सव्वीस, म्हणतो की त्या संध्याकाळी तो नव्वद किलोमीटरवर होता, बहिणीच्या सासरी, भाच्याला पाळण्यात घालायच्या मेजवानीला. सासरची मंडळी म्हणतात, गर्दी होती, कोण आलं कोण गेलं आठवत नाही. त्याच्या आईवडिलांची साक्ष आहे, पण आईबापांच्या साक्षीला कोर्टात कोण विचारतो? उरला हा व्हिडिओ. सासरच्यांनीच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला. त्याच्या वकिलीणबाईंनी तो तिथून उचलला. खरा निघाला तर पोरगा घरी, खोटा निघाला तर सात-आठ वर्षं आत.

तो माझ्या विचाराचा भाग नाही. फाइलची नक्कल काढली, मूळ कपाटात ठेवून कुलूप लावलं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

व्हिडिओ तेवीस वेळा पाहिला.

गालिचे अंथरलेली खोली, जमिनीवर जेवणाचा लांबलचक दस्तरखान, वरच्या बाजूला म्हातारी मंडळी, खाली दाराशी चहाचा समोवार. किलिचबेक सगळ्यांत लहान, म्हणून दाराकडच्या टोकाला. निळा स्वेटर, मोठे कान. शेजाऱ्याशी काहीतरी बोलतोय. मूळ आवाज नाही, वर कोमुझच्या तारांचं संगीत चढवलंय. एक मिनिट बावन्न सेकंदांवर तो बोलता बोलता रिकामा पियाला डावीकडे पुढे करतो. तिकडे बघतही नाही. लगेच चित्र एक बारीकशी उडी मारतं, आणि पुढच्या क्षणी तो गरम चहावर फुंकर घालतोय. अशा उड्या पुढेही आहेत, आणि बहुतेक सगळ्या त्याचा किंवा शेजाऱ्याचा हात डावीकडे गेला की येतात.

ज्या अर्थी उड्या त्याच्याच आसपास आहेत, त्या अर्थी... नाही, इथेच थांबते. ‘ज्या अर्थी’ हे शब्द सरकारी वकिलाचे, माझे नाहीत.

दुपारी बदली होऊन आलेल्या दोघी बायकांना टेबलाच्या काचेखालचा फोटो दाखवला. नव्या लोकांना मी तो नेहमी दाखवते. शाळेच्या पहिल्या दिवशीची मुलगी, केसांत दोन पांढऱ्या फिती, हातात फुलं आणि उजव्या खांद्यावर एक हात. हाताची मालकीण कात्रीने गेली आहे. दोघींना विचारलं, “काय दिसतं?” एक म्हणाली, “मुलगी गोड आहे.” तिला अजून बरंच शिकायचं आहे.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

मुख्य तपासणी झाली. प्रत्येक कॅमेऱ्याचा चित्रावर एक बारीक रवा पडतो, साध्या डोळ्यांना न दिसणारा. चित्राला कोणी हात लावला की तिथला रवा मोडतो. प्रोग्रामने रव्याचा नकाशा काढून दिला. रवा मोडलाय, एकदा नव्हे, जवळजवळ पूर्ण व्हिडिओभर. वर सहा ठिकाणी फ्रेमा कापलेल्या. शंकेला जागाच नाही.

उत्तर: ‘होय. फेरफाराच्या खुणा आढळल्या.’ निष्कर्षाचं स्वरूप: निश्चित. नकाशा परिशिष्टात जोडला.

आमचे प्रमुख तोक्तोसून कारिपोविच सही करताना म्हणाले, “सबिरा, तुझे अहवाल वाचताना मला तहान लागते. इतके कोरडे!”

मी म्हटलं, “ओले अहवाल कोर्ट वाळत घालतं.”

हसले आणि शिक्का मारला. चोवीस वर्षांत माझा एकही निष्कर्ष परत आलेला नाही.

१२ डिसेंबर, मंगळवार

इल्गिझचा फोन. मला एजे म्हणतो, म्हणजे ताई. कामाच्या वेळी तर आणखीनच गोड आवाजात म्हणतो.

“एजे, तुमच्या एका ओळीने काम फत्ते केलं. पोराचा चेहरा मागाहून चिकटवलाय, हे आता सिद्धच झालं.”

“चिकटवलाय असं मी लिहिलेलं नाही.”

“फेरफार आहे असं लिहिलंय ना? मग काय, फेरफार घोड्याने केला? तो व्हिडिओ त्याला दाखवला. चार मिनिटं बघितला आणि मान खाली घातली. म्हटलं, बोल काहीतरी. एक शब्द नाही. निर्दोष माणूस ओरडतो, एजे. हा गप्प बसला.”

काही लोक गप्प बसतात. त्याची नोंद घ्यायला आमच्याकडे रकाना नाही.

२३ डिसेंबर, शनिवार

तोक्तोसून कारिपोविचांच्या नातवाच्या पाळण्याची मेजवानी. मी वरच्या बाजूला बसले, वयाचा मान. समोर त्यांची बायको माझ्या पगारापासून गुडघ्यापर्यंत सगळ्याची चौकशी करत होती. बोलता बोलता माझा पियाला रिकामा झाला. मी तो उजवीकडे पुढे केला, हातोहात खाली गेला, भरून परत आला. मी प्यायले. परत पुढे केला. परत आला.

तिसऱ्या वेळी माझा हात हवेतच थांबला.

मी दाराकडे पाहिलं. समोवाराशी त्यांची धाकटी सून बसली होती, डोक्याला पिवळा रुमाल. तासाभरात मी तिच्या हातचे तीन पियाले प्यायले होते आणि ती खोलीत आहे याची मला नोंद नव्हती. मी, जी नोंदी घेण्याचा पगार खाते.

“काय झालं, एजे? चहा गार आहे का?” ती घाबरून म्हणाली.

“नाही गं. छान आहे. तुझं नाव काय?”

तिने नाव सांगितलं. सगळी माझ्याकडे बघायला लागली. सुनेला नाव विचारणं म्हणजे भलतंच काहीतरी.

जेवणानंतर तिथल्या व्हिडिओवाल्याला गाठलं. गप्पिष्ट माणूस. विचारलं, लोक फेरफार करून घ्यायला येतात का?

“घोळक्याने येतात, एजे! सून नांदली नाही की सहा महिन्यांत व्हिडिओ घेऊन सासू हजर. हिला काढ. आधी नुसते तुकडे कापायचो, आता प्रोग्राम आलेत, माणूस पुसला की मागचा गालिचा आपोआप भरतो. पुन्हा समेट झाला की तीच सासू परत येते, घाल म्हणते. म्हणून मूळ व्हिडिओ मी कधी पुसत नाही. आमच्यातला कोणीच पुसत नाही.”

२५ डिसेंबर, सोमवार

सकाळी कपाट उघडलं. नक्कल लावली आणि फक्त चहा मोजला. चार मिनिटांत पाच जण मिळून नऊ वेळा भरलेला पियाला हातात घेतात. रिकामे पियाले डावीकडे जातात, भरलेले डावीकडून येतात. डावीकडे समोवार आहे, समोवाराशेजारी गालिचा आहे आणि गालिच्यावर कोणी नाही.

मग परिशिष्टातला नकाशा उघडला. किलिचबेकच्या चेहऱ्यावर, कानांवर, स्वेटरवर रवा अखंड आहे. मोडलाय तो समोवाराच्या बाजूला, बसलेल्या माणसाएवढ्या जागेत. हा नकाशा नोव्हेंबरात माझ्यासमोर होता. मीच तो काढला आणि परिशिष्टात टाकला. परिशिष्ट कोणी वाचत नाही. मीही वाचलं नाही.

या व्हिडिओत कोणी घातलेलं नाही. कोणीतरी काढलंय.

प्रमुखांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला.

“प्रश्न काय होता?”

“फेरफार आहे का.”

“तू काय लिहिलंस?”

“आहे.”

“मग चुकलंय कुठे? सबिरा, तुझी पेन्शन दोन वर्षांवर आलीय. बिनआदेशाचा पुरवणी अहवाल पाठवलास तर उद्या प्रत्येक वकील विचारेल, बाई पहिल्यांदा झोपेत होत्या की दुसऱ्यांदा? विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे मला कोणी शिकवलं? तूच.”

खरं आहे. मीच शिकवलं. सुनेच्या वयात शिकले होते, नोकरीत कामाला आलं.

वकिलीणबाईंचा नंबर प्रकरणाच्या कागदांत आहे. आरोपीच्या बाजूने तज्ज्ञाला उलटतपासणीला बोलवायचा अर्ज करता येतो, एवढंच त्यांना सांगितलं. कायद्याचं कलम सांगणं म्हणजे काही न विचारलेलं सांगणं नव्हे.

३१ डिसेंबर, रविवार

कझानहून लेकीचा, आल्तिनायचा फोन. नेहमीप्रमाणे संध्याकाळी सहाला. तब्येत, थंडी, तिच्या मुलांचे दात. सात मिनिटं.

१६ जानेवारी, मंगळवार

कोचकोरचं कोर्ट. घाटात बर्फ, टॅक्सीवाला सारखा सूर्यफुलाच्या बिया सोलत होता, त्यामुळे गाडी एका हाताने चालली. पोचले हेच खूप.

किलिचबेक जाळीमागे. प्रत्यक्षात जास्त बारीक आहे. कान व्हिडिओतल्याएवढेच.

सरकारी वकील उभे राहिले. “व्हिडिओत फेरफार आहे की नाही? हो किंवा नाही?”

“आहे.”

“धन्यवाद. मला आणखी काही विचारायचं नाही.”

वकिलीणबाई नवख्या, कागद चाळण्यात गुंतलेल्या. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तज्ज्ञांना आणखी काही सांगायचंय?”

हे मला चोवीस वर्षांत शेकडो वेळा विचारलं गेलंय. उत्तर ठरलेलं असतं: नाही. माझ्या तोंडात ते आलंही होतं.

“बाई,” मी म्हटलं, “या व्हिडिओत चार मिनिटांत नऊ पियाले चहा भरला जातो. भरणारं कोणीच नाही.”

मागच्या बाकावरचा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, “अरेच्चा! खरंच की!” आणि मग सगळ्यांनी पुन्हा व्हिडिओ बघितला, न्यायाधीशबाई तर पडद्याला नाक लावून. इल्गिझ इतक्या वेळा बघितलेला व्हिडिओ पहिल्यांदा बघावा तसा बघत होता. त्याच्या घरीही सून आहे.

मी नकाशा उलगडून सांगितला. आरोपीची प्रतिमा अखंड, समोवाराजवळची व्यक्ती काढलेली. मूळ चित्रण व्हिडिओवाल्याकडे असण्याची शक्यता आहे, हेही सांगितलं.

तेवढ्यात जाळीमागून आवाज आला. पोरगा पहिल्यांदाच बोलला.

“एजे, तेवढं राहू द्या.”

न्यायाधीशबाई म्हणाल्या, “काय राहू द्यायचं?”

त्याने परत मान खाली घातली. मला कळेना, याला घरी जायचंय की नाही?

परतीच्या वाटेवर थंडीने पाय बधिर झाले. इल्गिझचा निरोप आला: ‘एजे, हे आधी सांगायला काय झालं होतं?’ उत्तर लिहिलं: ‘तुम्ही विचारलं नाहीत.’ पाठवलं नाही. पुसलं.

७ फेब्रुवारी, बुधवार

कोर्टाच्या हुकमाने मूळ चित्रण जप्त होऊन आलं. व्हिडिओवाल्याने खरोखरच पुसलं नव्हतं. आदेशात या वेळी चार प्रश्न. तिसरा: ‘काढलेली व्यक्ती कोण व किती काळ चित्रात होती?’

लावलं. समोवाराशी एक बाई, वय अंदाजे तीस, लाल फुलांचा रुमाल. एक हात चहादाणीवर, दुसरा शेजारच्या पाळण्याच्या दांडीवर. एकूण एकशे अठ्ठ्याऐंशी सेकंद. त्या सगळ्या वेळात ती एकदाही कॅमेऱ्याकडे बघत नाही.

मूळ आवाजही आहे. एक मिनिट बावन्नला किलिचबेक पियाला पुढे करतो आणि म्हणतो, “एजे, अर्धाच भर हां. काठोकाठ दिलास तर समजेन, जा म्हणतेस.”

ती म्हणते, “तुला काठोकाठ दिला तरी तू कुठे उठणारेस? घोडं बांधूनच आलायस ना?”

“तुझ्या सासूने हाकलेपर्यंत बसतो.”

“हळू बोल, मेल्या.”

आणि हसते. सासरची मंडळीही त्या चित्रात आहेत, म्हणजे आठवत नाही म्हणणाऱ्यांपैकी तिघं त्याच्यापासून हातभर अंतरावर.

व्यक्ती: आयझिरेक, आरोपीची थोरली बहीण. ओळख निश्चित. हा तुकडा कामासाठी तीनदा ऐकायला हवा होता. मी अकरा वेळा ऐकला. कारण नोंदवता येत नाही.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

किलिचबेक सुटला. इल्गिझने फोनवर सांगितलं. मग म्हणाला, “एजे, घरी गेल्यावर मी सुनेला म्हटलं, बस, आज चहा मी ओततो. ती रडायला लागली. तिला वाटलं, काढून टाकतायत.”

५ मार्च, मंगळवार

आयझिरेक आली. आधी न कळवता, कोचकोरहून, पिशवीत तळलेले बोरसोक आणि घरचं लोणी. पक्षकारांकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे. प्रकरण मिटलंय, असं म्हणून घेतलं.

खुर्चीच्या कडेवर बसली. “ऑक्टोबरात घर सोडलं. का ते विचारू नका.”

“नाही विचारत.”

“बाळ तिकडेच ठेवून घेतलं त्यांनी. मग भाऊ पकडला गेला. पोलिसांनी व्हिडिओ दाखवला तेव्हाच त्याला कळलं, मला पुसलंय. बोलला असता तर त्याच दिवशी सुटण्याची आशा होती. पण भर कोर्टात माझं नाव निघेल, लोक म्हणतील हीच ती पळून गेलेली, आणि मग बाळ कधीच द्यायचे नाहीत, असं त्याला वाटलं. मूर्ख. मलाही साक्षीला येऊ दिलं नाही. आठ वर्षं बसणार होता माझ्यासाठी.”

मला तेव्हा कळलं, ‘तेवढं राहू द्या’ म्हणजे काय होतं.

“सासू लोकांना तो व्हिडिओ दाखवते,” ती म्हणाली. “म्हणते, बघा, पोराला पाळण्यात घातलं त्या दिवशीही आई जागेवर नव्हती. मोठा झाला की त्यालाही दाखवेल. तुमच्या कागदात लिहिलंय ना, मी होते म्हणून?”

“लिहिलंय. एकशे अठ्ठ्याऐंशी सेकंद.”

“शिक्का आहे?”

“आहे.”

“मग तो कागद मला पाहिजे. भावाचं काम झालं. आता माझ्यासाठी.”

अहवाल आम्हाला परस्पर देता येत नाही. निकालाची नक्कल कोर्टातून कशी मागायची ते सांगितलं, अर्ज तिच्यासमोर माझ्या हाताने लिहून दिला. ती तो घडी घालत असताना मी चहा ओतला. अर्धा पियाला. तिने पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकून बसली. दीड तास बसली. मी पाच वेळा भरला, प्रत्येक वेळी अर्धाच.

जाताना तिचं लक्ष काचेखाली गेलं. “हा हात कोणाचा?”

“नमुना आहे. शिकवायला ठेवलाय.”

तिने अर्ज पिशवीत ठेवला. दारात मात्र एकदा वळून पाहिलं.

६ मार्च, बुधवार

काच उचलून फोटो बाहेर काढला. एकोणीस वर्षं तिथे आहे, मागच्या बाजूला चिकटला होता. भिंगाखाली घेतला.

कापलेली कडा सरळ, कात्री शिवणकामाची, कापणारीचा हात सवयीचा. हात उजवा, स्त्रीचा, वय अंदाजे तीस. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा चट्टा. समोवाराचा. सासरच्या त्या घरात मी नऊ वर्षं चहा ओतला, आणि तो चट्टा अजून आहे. तुलनेसाठी नमुना शोधायची गरज पडली नाही, तो भिंग धरून होता.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आजवर मला कोणी विचारलं नव्हतं.

आल्तिनायला फोन लावला. घाबरलीच.

“अपा? काय झालं? आज काय आहे?”

“काही नाही. तुझा शाळेचा फोटो आहे ना, फितींचा. त्यातला तो खांद्यावरचा हात...”

“तुझा आहे.”

मी भिंग खाली ठेवलं.

“आजी म्हणायची, तो शाळेतल्या बाईंचा हात आहे,” ती म्हणाली. “मी लहान होते तरी मला पटलं नाही. बाई इतका घट्ट धरतात का कधी? म्हणून तर तिच्या कपाटातून पळवून तुला आणून दिला. तू म्हणालीस, चांगला नमुना आहे, आणि काचेखाली सरकवलास. मला वाटलं, तुला ओळखूच आला नाही.”

“आला होता,” मी म्हटलं.

मग ती रडली, थोडी मीही. फोन एक तास चार मिनिटं चालला.